‘उपयोग काय?’ हा प्रश्न कोणास विचारावा?

लहान मुलांच्या तोंडीं ‘हें असें कां?’ हा प्रश्न नेहमीं असतो, आणि वडील माणसांच्या तोंडीं ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न नेहमीं असतो. दोन्ही प्रश्न चांगलेच आहेत. पहिल्यावांचून विद्या जन्मास येत नाहीं, आणि दुसऱ्यावांचून ती लोकांच्या दारापर्यंत पोंचत नाहीं. परंतु दुसरा प्रश्न पहिल्याच्या आधीं विचारला गेला, म्हणजे पहिल्याचें तोंड कायमचें बंद होतें, असें आमचें मत आहे. मुलगा म्हणतो, मला रसायनशास्त्र शिकावयाचें आहे. डॉक्टर किंवा इंजिनियर होण्यासाठीं नव्हे, तर पदार्थ आंतून कसे घडलेले असतात हें पाहण्यासाठीं. मुलगी म्हणते, मला रक्तांतील एकाच द्रव्याचा अभ्यास करावयाचा आहे. हें ऐकून आईबापांच्या कपाळास आठी पडते. त्या आठीचा आम्ही उपहास करीत नाहीं. पोटास चिमटा घेऊन फी भरणाऱ्या बापास, त्या पैशाचें चीज होईल कीं नाहीं, हें विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. मात्र हा प्रश्न केव्हां विचारावा आणि मुख्यतः कोणास विचारावा, याविषयीं आम्हांस कांहीं सांगावयाचें आहे. आणि तें कोरड्या उपदेशानें न सांगतां एका खऱ्या हकीकतीच्या आधारानें सांगावें, असें आम्हीं योजिलें आहे.

ही हकीकत प्रथिनांची आहे. प्रथिन अथवा प्रोटीन म्हटलें कीं आपणांस डाळ, दूध, अंडें यांची आठवण होते, आणि तें शरीराचें पोषण करणारें एक अन्नद्रव्य आहे एवढेंच आपण समजतों. पण अन्नांतील प्रथिन हा केवळ कच्चा माल होय. शरीर तो माल मोडून त्यापासून स्वतःचीं हजारों प्रकारचीं प्रथिनें घडवितें, आणि शरीराचा बहुतेक कारभार हीं प्रथिनेंच पाहतात. अन्न पचविणें, स्नायु आंखडणें, रोगजंतूंस धरणें, रक्तांतून प्राणवायु वाहून नेणें, हीं सर्व त्यांचीं कामें होत. प्रत्येक प्रथिन म्हणजे एक लांब माळ आहे. या माळेंतील मण्यांस अमिनो आम्लें म्हणतात, आणि मण्यांचे मुख्य प्रकार वीसच आहेत. परंतु ही माळ सरळ पसरलेली राहत नाहीं. ती स्वतःभोंवतीं वळून व दुमडून विशिष्ट आकार धारण करिते. फेट्याचें कापड घडी मोडून पसरलें तर तें नुसतें कापड असतें. बांधलें म्हणजे त्यास फेट्याचें रूप येतें. प्रथिनाचें तसेंच आहे. भेद इतकाच कीं, हा फेटा बहुधा आपला आपण बांधला जातो. मण्यांच्या क्रमावरून आकार ठरतो आणि आकारावरून काम ठरतें. म्हणून कोणता मणि, किंबहुना त्या मण्यांतील कोणता अणु कोठें बसला आहे, हें कळल्यावांचून प्रथिन आपलें काम कसें करितें हें नीट कळत नाहीं.

आतां हा आकार पाहावयाचा कसा? रक्तास तांबडा रंग देणारें हिमोग्लोबिन हें प्रथिन घ्या. त्याच्या एका रेणूंत सुमारें दहा हजार अणु असतात. तथापि असे दीड लाखांहून अधिक रेणु एका ओळींत मांडावे, तेव्हां कोठें एक मिलिमीटर लांबी भरते. दोन शेजारी अणूंमधील अंतर दृश्य प्रकाशाच्या लहरीपेक्षां हजारों पटींनीं लहान असतें. म्हणून साधा सूक्ष्मदर्शक कितीहि उत्तम केला तरी त्यांतून अणु दिसत नाहींत. जाड बोटानें बारीक नक्षी चांचपतां येत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. त्यास बारीक बोट पाहिजे, आणि तें १८९५ सालीं राँटजेन यांनीं शोधलेल्या क्ष-किरणांच्या रूपानें मिळालें. १९१२ सालीं फॉन लौए यांच्या कल्पनेवरून प्रयोग होऊन असें दिसलें कीं, स्फटिकांतून क्ष-किरण सोडले असतां पलीकडील फोटोच्या कांचेवर ठिपक्यांची एक सुबक रांगोळी उमटते. या ठिपक्यांच्या जागा व त्यांचा कमीअधिक ठळकपणा यांवरून गणित करून स्फटिकांतील अणूंची मांडणी काढण्याची रीत विल्यम ब्रॅग व लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनीं बसविली, आणि १९१५ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. मिठासारख्या साध्या पदार्थांची रचना या रीतीनें निघाली. प्रथिनांचे स्फटिक मात्र वाळतांच बिघडत. १९३४ सालीं केंब्रिज येथें बर्नाल व डोरोथी क्रोफुट यांनीं पेप्सिन या पाचक प्रथिनाचे स्फटिक त्यांच्याच द्रवांत ओले ठेवून चित्र घेतलें, तेव्हां रांगोळी प्रथमच स्पष्ट उमटली, आणि इतके दिवस बंद असलेलें दार किलकिलें झालें.

याच केंब्रिज विद्यापीठांत व्हिएन्नाहून आलेले मॅक्स पेरुट्झ हे तरुण संशोधक १९३७ सालीं हिमोग्लोबिनाच्या स्फटिकांकडे वळले. चित्रें उत्तम मिळूं लागलीं. परंतु चित्रांचा अर्थ लागेना. अडचण ही कीं, फोटोच्या कांचेवर प्रत्येक लहरीचा जोर तेवढा उमटतो. दुसऱ्या लहरींच्या मानानें ती पुढें होती कीं मागें, हें उमटत नाहीं, आणि त्यावांचून गणित पुरें होत नाहीं. जणूं पत्रांतील सर्व अक्षरें हातीं आलीं, पण त्यांचा क्रम हरवला. १९४० सालीं, युद्ध चालू असतां, शत्रूच्या मुलखांत जन्मलेला परका म्हणून त्यांस अटक करून कॅनडांत पाठविण्यांत आलें. १९४१ सालीं ते परत आले व पुन्हां त्याच कामास लागले. १९५३ सालीं, म्हणजे सोळा वर्षांनीं, किल्ली सांपडली. हिमोग्लोबिनाच्या ठराविक जागीं पाऱ्याचे जड अणु बसवावे, आणि त्यांच्यासह व त्यांच्याशिवाय घेतलेल्या चित्रांतील फरक ताडून पाहावा, म्हणजे हरवलेला क्रम परत मिळतो, असें पेरुट्झ व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें. १९५९ सालीं रेणूचा ढोबळ आकार डोळ्यांपुढें उभा राहिला. जॉन केंड्र्यू यांनीं स्नायूंतील मायोग्लोबिन या लहान प्रथिनाची रचना त्याच रीतीनें काढली होती. १९६२ सालीं दोघांस मिळून रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. आरंभापासून पहिल्या दर्शनापर्यंत बावीस वर्षें लागलीं! या बावीस वर्षांत कोणत्याहि दिवशीं ‘याचा उपयोग काय?’ असें कोणी विचारलें असतें, तर रोग्याच्या हातीं देण्याजोगें कांहींहि पेरुट्झ यांच्यापाशीं नव्हतें. केवळ मिळकतीच्या हिशेबानें पाहणारानें तें काम पांचव्या वर्षींच बंद पाडलें असतें.

जें दिसलें तें मात्र विलक्षण होतें. हिमोग्लोबिनाच्या रेणूंत चार माळा एकमेकींस बिलगून बसलेल्या असतात. त्यांतील मण्यांची एकूण संख्या ५७४ आहे. प्रत्येक माळेच्या कुशींत एक चपटी चकती असते आणि तिच्या मध्यभागीं लोखंडाचा एक अणु असतो. फुप्फुसांत प्राणवायु या लोहाणूस येऊन चिकटतो, तेव्हां तो लोहाणु आपल्या जागेवरून किंचित् सरकतो. किती सरकतो म्हणाल, तर एका सेंटिमीटरचे पंचवीस कोटि भाग केले असतां त्यांतील एका भागाइतका! पण तेवढ्यानें त्याला धरून असलेली माळ ओढली जाते, तिच्यामुळें शेजारच्या माळा हलतात, आणि रेणूचा एक अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्या भागाच्या मानानें सुमारें १५ अंश फिरतो. मग उरलेल्या लोहाणूंस प्राणवायु धरणें सोपें जातें. उलट, अवयवांत गेल्यावर एकाचा प्राणवायु सुटला कीं इतरांचाहि सहज सुटतो. अशा रीतीनें फुप्फुसांत भरभरून घेणें आणि अवयवांत मोकळ्या हातानें देणें, हीं दोन्ही कामें एकाच रेणूस साधतात. ही उपपत्ति पेरुट्झ यांनीं १९७० सालीं मांडली. आपल्या एका तांबड्या पेशींत असे सुमारें २७ कोटि रेणु असतात, आणि आपण श्वास घेत आहों तोंवर त्यांचें हें उघडणें-मिटणें चालूच असतें.

आतां या हकीकतीचा दुसरा धागा हातीं घेऊं. १९१० सालीं शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं, वेस्ट इंडीज बेटांतून शिकावयास आलेल्या एका तरुणाच्या रक्तांत विळ्यासारख्या वांकड्या तांबड्या पेशी आढळल्याचें प्रसिद्ध केलें. आपल्याकडे ज्यास सिकलसेल म्हणतात तो हाच रोग. रोग्याचें रक्त कमी होतें, हाडांत व सांध्यांत असह्य वेदनांचे झटके येतात, साध्या तापानेंहि जिवावर बेततें, आणि हळूहळू निरनिराळे अवयव बिघडतात. हें कां होतें, याचें मूळ पुष्कळ वर्षें सांपडलें नाहीं. १९४९ सालीं अमेरिकेंत लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, रोग्याचें हिमोग्लोबिन व निरोगी माणसाचें हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रांत निरनिराळ्या तऱ्हेनें सरकतात. अर्थात् मूळ दोष पेशीच्या कवचांत नसून आंतील रेणूंत आहे. तो रेणूंत नेमका कोठें आहे, हें १९५६ व १९५७ सालीं व्हर्नन इंग्रॅम यांनीं काढलें. आणि ते काम करीत होते पेरुट्झ यांच्याच केंब्रिजच्या संशोधनगटांत. हिमोग्लोबिनाच्या चार माळांपैकीं दोघींस बीटा माळा म्हणतात. प्रत्येकींत १४६ मणि. त्यांतील सहावा मणि तेवढा बदललेला होता: ग्लुटामिक आम्लाच्या जागीं व्हॅलिन. दोन बीटा माळा धरून ५७४ मण्यांपैकीं दोन मणि!

एवढ्याशा फरकानें एवढा अनर्थ कां व्हावा? याचें उत्तर अणूंची मांडणी पाहिली म्हणजे मिळतें. ग्लुटामिक आम्लाच्या टोंकास विजेचा भार असतो व त्यास पाणी मानवतें. व्हॅलिन हा तेलकट जातीचा मणि असून तो पाण्यापासून दूर राहूं पाहतो. सहावी जागा रेणूच्या बाहेरच्या अंगास आहे, म्हणजे हा तेलकट ठिपका उघड्यावर येतो. हिमोग्लोबिनानें प्राणवायु सोडला कीं त्याचा आकार बदलून शेजारच्या रेणूच्या अंगावर एक लहानशी तेलकट खांच उघडते, आणि या रेणूचा व्हॅलिन त्या खांचेंत गच्च बसतो. त्या रेणूस तिसरा, तिसऱ्यास चौथा, असे चिकटत जाऊन लांब ताठ दोरे तयार होतात. ते आंतून रेटा देऊन मऊ गोल पेशीस विळ्याचा आकार देतात. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून वेदना. आणि निरोगी पेशी सुमारें १२० दिवस टिकत असतां या पेशी दहावीस दिवसांतच मरतात, म्हणून रक्ताची उणीव. प्राणवायु परत मिळाला कीं दोरे सुटतात, पण हा खेळ पुन्हां पुन्हां होऊन पेशी कायमची वांकडी होते. आमच्या वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. घोड्याच्या रक्ताचे स्फटिक पाहत बसलेल्या माणसांनीं जें ज्ञान मिळविलें, त्याच ज्ञानानें एका मुलाच्या गुडघ्यांतील वेदनेचें कारण अणूपर्यंत नेऊन दाखविलें.

आणि हें मूल दूरदेशींचें नाहीं. १९५२ सालीं निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासी लोकांत हा दोष आढळल्याचें प्रसिद्ध झालें. पुढें तो मध्यभारतांत व आपल्या महाराष्ट्रांतहि मोठ्या प्रमाणांत आहे असें दिसून आलें. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, आणि सातपुड्याच्या पायथ्याशीं नंदुरबार व धुळें, या भागांत सिकलसेल हा शब्द शिकल्या-न शिकल्या सर्वांच्या कानांवरून गेलेला आहे. हा रोग जंगलपट्ट्यांत कां, याचेंहि कारण कळलेलें आहे. आईबापांपैकीं एकाकडूनच दोष आला तर ते मूल केवळ वाहक होतें, बहुधा निरोगी राहतें, आणि प्राणघातक हिंवतापापासून त्याचें बरेंच रक्षण होतें. म्हणून जेथें हिंवताप फार, तेथें हा दोष पिढ्यान् पिढ्या टिकून राहिला. दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन, व पूर्ण मुक्त राहण्याचा चारांत एक असतो.

या ज्ञानाचा पहिला उपयोग औषधाचा नव्हे, न्यायाचा आहे, असें आम्ही समजतों. ज्या घरांत मूल वरचेवर कण्हतें, त्या घरांत कोणी करणी म्हणतो, कोणी पूर्वजन्मींचें पाप म्हणतो, आणि बहुधा सगळा दोष सुनेच्या कपाळीं मारला जातो. रोगी मूल आपल्या शेजारीं बसलें तर आपणांसहि तो रोग लागेल, अशी भीति शाळकरी सोबत्यांसहि वाटते. रेणूचा अभ्यास करणारांनीं हें सर्व निकालांत काढलें आहे. हा रोग स्पर्शानें लागत नाहीं. तो कोणाच्या आचरणाचें फळ नाहीं. आणि रोगी मुलास तो आईकडून जितका, तितकाच बापाकडूनहि आलेला असतो. तपासणींत वाहक ठरलेल्या मुलीस किंवा मुलास कलंकित मानणें हें तर शुद्ध अज्ञान होय. तपासणी करावयाची ती विवाहापूर्वीं दोघांनींहि, शहाणपणानें. एकट्या मुलीची करून तिला नाकारण्यासाठीं नव्हे.

उपचारांची गोष्टहि प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे, कारण रचना कळली कीं लागलीच औषध सांपडतें, असा समज करून देणें हें असत्य होईल. गर्भांतील बालकाचें हिमोग्लोबिन निराळ्या जातीचें असून तें या दोऱ्यांत गुंतत नाहीं. हायड्रॉक्सियुरिया या औषधानें त्या जातीचें हिमोग्लोबिन मोठेपणींहि वाढतें व वेदनांचे झटके कमी होतात; अमेरिकेंत त्यास या रोगासाठीं १९९८ सालीं मान्यता मिळाली, आणि आज आपल्या देशांतहि डॉक्टरांच्या देखरेखीखालीं तें दिलें जातें. रेणूची रचना समोर ठेवून, हिमोग्लोबिनास अचूक चिकटेल असें व्हॉक्सेलोटर नांवाचें औषध रचण्यांत आलें; त्यास अमेरिकेंत २०१९ सालीं मान्यता मिळाली, पण रोग्यांस त्यापासून लाभापेक्षां धोका अधिक असावा असें दिसल्यावरून तें २०२४ सालीं बाजारांतून काढून घ्यावें लागलें. जनुकांतच फेरफार करून गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन पुन्हां चालू करणारा उपचार २०२३ सालीं ब्रिटन व अमेरिका येथें मान्य झाला. त्याची अमेरिकेंतील किंमत प्रत्येक रोग्यामागें बावीस लाख डॉलर ठरविण्यांत आली. मेळघाटांतील मजुराच्या मुलास ती किंमत म्हणजे आकाशांतला चंद्र होय. सारांश, पाहणें म्हणजे बरें करणें नव्हे. पण ज्यानें पाहिलेंच नाहीं तो अंधारांत दगड मारतो; ज्यानें पाहिलें आहे त्यास, आपला नेम चुकला तरी तो कोठें चुकला हें तरी कळतें.

येथें एक नवा आक्षेप निघतो. लोक म्हणतात, आतां हें काम संगणक करितो. मग मुलांनीं त्यांत आयुष्य कां घालवावें? २०२० सालीं आल्फाफोल्ड नांवाच्या संगणकयुक्तीनें मण्यांच्या क्रमावरून प्रथिनाचा आकार इतक्या अचूकपणें वर्तविला कीं सारें शास्त्रीय जग थक्क झालें. २०२४ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक तिचे कर्ते हसाबिस व जंपर, आणि नवीं प्रथिनें योजून घडविणारे बेकर, यांस विभागून मिळालें. आम्हांसहि या यशाचें कौतुक आहे. परंतु ही युक्ति शिकली कशावरून? १९७१ सालीं प्रथिनांच्या रचनांचें एक सार्वजनिक भांडार उघडण्यांत आलें. आरंभीं त्यांत केवळ सात रचना होत्या, आज दोन लाखांहून अधिक आहेत. त्यांतील बहुतेक प्रत्येक रचनेमागें कोणा ना कोणाचीं कित्येक महिन्यांचीं, कित्येकदां वर्षांचीं, रात्रंदिवसांचीं श्रमाचीं पानें आहेत; आणि तें सर्व धन त्यांनीं जगास फुकट वापरूं दिलें. यंत्र त्या सोडविलेल्या उदाहरणांवर शिकलें. ज्या वर्गांत कोणीहि स्वतः उदाहरण सोडवीत नाहीं, त्या वर्गांत उत्तरें उतरून घेण्यासहि वही मिळत नाहीं! शिवाय यंत्रानें वर्तविलेला आकार खरा कीं खोटा, आणि औषध चिकटल्यावर तो कसा बदलतो, हें अखेर प्रयोगानेंच पाहावें लागतें.

दुसरा आक्षेप असा कीं, असलें संशोधन श्रीमंत देशांस शोभतें, आपणांस नव्हे. यास उत्तर म्हणून आम्ही मद्रासकडे बोट दाखवितों. मद्रास विद्यापीठांत जी. एन्. रामचंद्रन् यांनीं गोपीनाथ कर्ता यांच्यासह १९५४ सालीं कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना मांडली. आपली त्वचा, हाडें व स्नायुबंध यांस बळकटी देणारें हें प्रथिन. त्याच्या तीन माळा वेणीच्या तीन पेडांप्रमाणें एकमेकींभोंवतीं वळलेल्या असतात. पुढें १९६३ सालीं त्यांनीं रामकृष्णन् व शशिशेखरन् यांच्यासह, माळेचे सांधे कोणत्या कोनांत वळूं शकतात व कोणत्या कोनांत अणु एकमेकांवर आदळतात, याचा एक नकाशा काढला. आज जगांत कोठेंहि प्रथिनाची नवी रचना निघाली कीं ती ‘रामचंद्रन्-नकाशावर’ तपासून पाहतात. दुसरें उदाहरण मधुमेहाच्या इन्सुलिनचें. डोरोथी हॉजकिन यांनीं, म्हणजे वर सांगितलेल्या डोरोथी क्रोफुट यांनींच, १९३५ सालीं त्याचें पहिलें चित्र घेतलें आणि १९६९ सालीं रचना पुरी केली; ऐन तारुण्यांत जडलेल्या संधिवातानें त्यांचे हात वांकडे झाले होते, तरी चौतीस वर्षें तो ध्यास सुटला नाहीं. त्या अखेरच्या कामांत एम्. विजयन् हे आपले भारतीय शास्त्रज्ञ सहभागी होते. इन्सुलिनचे रेणु जोडीजोडीनें कसे चिकटतात हें कळल्यामुळेंच, ते लवकर सुटे व्हावेत अशी दोन मण्यांची अदलाबदल करून त्वरित गुण देणारें इन्सुलिन तयार झालें, आणि १९९६ पासून तें वापरांत आलें. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या आजोबांनीं जेवणापूर्वीं तशाच जातीची सुई टोंचून घेतली असेल.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. ‘उपयोग काय?’ हा प्रश्न १९३७ सालीं पेरुट्झ यांस विचारणें अप्रस्तुत होतें, कारण उत्तर कोणासच ठाऊक नव्हतें. पण १९५७ नंतर तो प्रश्न विचारणें प्रस्तुत झालें. मात्र तो शास्त्रज्ञास नव्हे, तर समाजास, सरकारास, डॉक्टरांस, शिक्षकांस, तुम्हां-आम्हां सर्वांस. ज्ञान मिळालें आहे. तुम्ही त्याचा उपयोग काय केला? दोष कोठें आहे हें १९५७ सालीं कळलें, आणि सिकलसेलच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम आपल्या देशांत १ जुलै २०२३ रोजीं सुरू झाली. मधल्या काळांत कांहीं ठिकाणीं निष्ठावंत डॉक्टरांनीं व संस्थांनीं काम केलें, हें आम्ही कृतज्ञतेनें मान्य करितों. तथापि सहासष्ट वर्षांचें हें अंतर लहान नाहीं. रक्ताच्या एका थेंबाची तपासणी, तान्ह्या मुलांचा रोग वेळींच ओळखून दिलेल्या लसी व औषधें, आणि विवाहापूर्वीं दिलेला योग्य सल्ला, यांस बावीस लाख डॉलर लागत नाहींत. हें अंतर पेरुट्झ यांच्या बावीस वर्षांहून तिप्पट आहे. अणूपर्यंत पोंचावयास जितका काळ लागला, त्याहून अधिक काळ अणूपासून पाड्यापर्यंत पोंचावयास लागावा, ही लाज संशोधनाची नव्हे. ती आपली आहे.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी. मुलगा अथवा मुलगी एखाद्या सूक्ष्म वस्तूच्या मागें लागली, तर उपयोगाचा प्रश्न आरंभींच पुढें करूं नका. त्याऐवजीं दुसरे प्रश्न विचारा: तूं हें मन लावून करितोस काय? गणित चुकलें तर पुन्हां मांडतोस काय? दुसऱ्याचें उत्तर उतरून घेतोस, कीं स्वतः काढतोस? या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असतील, तर तें मूल वाया जात नाहीं असें खुशाल समजा. सर्वच जण पेरुट्झ होणार नाहींत, हें खरें. पण मन लावून पाहण्याची संवय ज्यास लागली, तो शेतीवर, दुकानांत, दवाखान्यांत, कोठेंहि कमी पडत नाहीं.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांसहि दोन शब्द. सूक्ष्म अभ्यास करावयाचा तर रसायन, पदार्थविज्ञान, गणित आणि जीवशास्त्र या चारहि विषयांशीं मैत्री ठेवा. प्रथिनाच्या रेणूस आपण कोणत्या तासाचा विषय आहों हें ठाऊक नसतें. लवकर फळ मिळालें नाहीं म्हणून खट्टू होऊं नका. परंतु तुमच्या वर्गांत एखादा सोबती वरचेवर आजारी पडून गैरहजर राहत असेल, खेळाच्या तासास एका बाजूस बसून राहत असेल, तर त्यास आळशी म्हणण्यापूर्वीं ५७४ मण्यांतील त्या दोन मण्यांची आठवण करा. त्याच्या शेजारीं बसा, त्यास आपली वही द्या, पाणी पिण्याची आठवण करा, आणि त्याच्या घरीं तपासणीची गोष्ट नीट समजावून सांगा. एवढें केलेंत, तर ‘उपयोग काय?’ या प्रश्नाचें उत्तर तुम्हीं स्वतःच्या वर्तनानें दिलें, असें आम्ही समजूं.